मागे बघायची नोकरी

मुंबईच्या लोकलमध्ये गार्डने दोन घंटा दिल्या की मोटरमन गाडी सोडतो, एक दिली की थांबवतो. म्हणजे एवढ्या हजारो लोकांची घाई शेवटी त्या शेवटच्या केबिनमधल्या बटणावर अडकलेली असते, आणि आपल्याला तो माणूस दिसतो फक्त गाडी प्लॅटफॉर्म सोडताना, दाराशी उभा, अर्धा बाहेर, आणि बघतोय मागे. लोकल लेट झाली की शिव्या मोटरमनला, वेळेत पोचली की कौतुक कुणाचंच नाही. गार्ड तर दोन्ही हिशोबांत नसतोच.

सध्या मला एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेबद्दल वाचायचा नाद लागलाय. सुरुवात इंजिनांपासून केली, कारण सगळेच तिथून करतात, पण वाचता वाचता मी गाडीच्या मागच्या टोकाला कधी पोचलो ते कळलंच नाही. कारण इंग्लंडमधल्या त्या पहिल्या रेल्वे कंपन्यांनी एका गार्डकडून काय काय कामं करून घेतली हे वाचलं की आपल्या ऑफिसातला मल्टिटास्किंगवाला मॅनेजर एकदम आरामात असल्यासारखा वाटायला लागतो.

आधी बसायची जागाच बघा. रेल्वे आली तेव्हा गार्ड ही गोष्ट नवीन नव्हती, घोडागाड्यांच्या टपालसेवेत गार्ड असायचाच, मागे उभा, टपालाची राखण करणारा. तीच पद्धत रेल्वेने उचलली आणि गार्डला बसवलं डब्याच्या टपावर, उघड्यावर. इंग्लंडचा पाऊस, इंजिनाचा धूर, ठिणग्या आणि वर येणारे पूल, त्यात हा माणूस टपावरच्या खुर्चीत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तर कमालच केली, इंजिनाच्या टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, मागच्या बाजूला उलट्या तोंडाची एक पत्र्याची खुर्ची बसवली, वर छोटंसं छप्पर, आणि त्यात एका नोकराला बसवून सांगितलं की अख्ख्या प्रवासात फक्त गाडीकडे बघत राहायचं, काही गडबड दिसली की ड्रायव्हरला सांगायचं. लोकांनी त्या खुर्चीचं नाव ठेवलं लोखंडी शवपेटी. आता त्यात बसणाऱ्याला हे नाव ऐकून काय वाटत असेल कोण जाणे, पण कल्पना करा ना, समोर पूर्ण गाडी, पाठीमागे आग, आणि काम काय तर टक लावून बघणे.

पुढे गार्डला स्वतःचा डबा मिळाला, ब्रेकव्हॅन. पण डबा मिळाला म्हणजे सुख मिळालं असं नाही, कारण त्या डब्यात पार्सलं, ट्रंका, टपालाच्या थैल्या, कुत्री, दुधाचे कॅन, टोपल्यांमधल्या कोंबड्या, सगळंच यायचं. कुठलं पार्सल कुठल्या स्टेशनवर उतरवायचं ते त्याच्या डोक्यात. गाडी सुटायच्या आधी डबे एकमेकांना नीट जोडलेत का, दारं लागलीत का, शेवटच्या डब्यावर लाल दिवा आहे का, हे बघायचं. हा शेवटचा दिवा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. वाटेतला सिग्नलवाला तोच बघत असतो, दिवा दिसला म्हणजे गाडी आख्खी गेली, नाही दिसला म्हणजे गाडी कुठेतरी तुटली आणि मागचा तुकडा अजून रुळावरच आहे. आजही आपल्याकडे शेवटच्या डब्यावर पिवळी फुलीची खूण आणि ती एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी असते ती याच भीतीपोटी.

मग घड्याळ. ड्रायव्हर गाडी चालवायचा पण वेळ गार्डच्या खिशात असायची. कुठल्या स्टेशनला किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, उशीर झाला तर का झाला, हे सगळं तो एका वहीत लिहायचा. आता यात गंमत अशी की उशिराचं खापर फोडायचं कुणाच्या डोक्यावर हे त्या वहीवर ठरणार, म्हणजे ड्रायव्हर आणि गार्ड यांच्यात दोन-तीन मिनिटांवरून किती वेळा जुंपली असेल! इंग्लंडमध्ये गावोगावची वेळ वेगळी होती, ब्रिस्टलची घड्याळं लंडनच्या सुमारे दहा मिनिटं मागे, आणि ग्रेट वेस्टर्नने १८४० साली सरळ सगळीकडे लंडनचीच वेळ लावली. लंडनच्या युस्टन स्टेशनहून होलीहेड बंदराला जाणाऱ्या आयरिश मेल या टपालगाडीबरोबर तर रोज लंडनची बरोबर वेळ लावलेलं एक घड्याळ पाठवलं जायचं, थेट डब्लिनपर्यंत. म्हणजे पार्सलांमध्ये वेळ पण एक पार्सल!

आपल्याकडे हा घोळ अजून मजेशीर झाला. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आणि मद्रासची ५ तास २१ मिनिटं पुढे, आणि रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरलेली. त्यामुळे मुंबईत उभ्या असलेल्या गाडीच्या गार्डचं घड्याळ शहराच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे. घरचं घड्याळ बघून आरामात निघालेल्या माणसाची गाडी गेलीच समजा. १ जानेवारी १९०६ ला भारताची प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही, हट्टाने कितीतरी वर्षं चालवली. हा हट्ट मुंबईकराला शोभतोच म्हणा.

प्रवासी हा गार्डच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग असणार. तेव्हाचे डबे म्हणजे सुटे सुटे कप्पे, एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. एकदा दार लागलं की पुढचं स्टेशन येईपर्यंत तुम्ही आणि समोर बसलेला अनोळखी माणूस, बास. वर बऱ्याच कंपन्या दारांना कुलूप लावायच्या, लोकांनी चालत्या गाडीतून उतरू नये आणि फुकटे चढू नयेत म्हणून. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणारी गाडी घसरली, पेटली, आणि कुलूपबंद डब्यांमध्ये पन्नासच्या वर माणसं जळून मेली. त्यावरून इंग्लंडमध्ये बरीच ओरड झाली, पण कुलपं पुढेही कितीतरी वर्षं कुठे ना कुठे लागतच राहिली.

आणि आतल्या माणसाने गार्डला हाक मारायची कशी? १८६४ च्या जुलैमध्ये नॉर्थ लंडन रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात थॉमस ब्रिग्ज नावाच्या बँकेतल्या म्हाताऱ्या साहेबांना कुणीतरी मारून रुळावर फेकून दिलं. गाडी हॅकनेला आली, दोन तरुण डब्यात चढले तर सीटवर रक्त. त्यांनी गार्डला बोलावलं, गार्डने आत बघितलं, एक हॅट, एक काठी, एक बॅग, आणि त्याने काय केलं तर डब्याला कुलूप घातलं आणि डबा तसाच पुढे पाठवला. हे मला फार आवडलं. ना आरडाओरडा ना काही, पुरावा जसाच्या तसा राहिला, आणि ती हॅट ब्रिग्जसाहेबांची नव्हतीच, खुन्याची होती, त्याचीही मदत होऊन पुढे खुनी फ्रान्झ म्युलर न्यूयॉर्कला बोटीवरून उतरायच्या आत सापडला. या खुनानंतर लोक इतके घाबरले की १८६८ च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये प्रवाशांना गाडीवरच्या लोकांना खबर देता येईल अशी सोय ठेवायला लावली. सोय म्हणजे काय, तर डब्याच्या बाहेरून छपराच्या कडेने जाणारी दोरी. खिडकीतून हात बाहेर काढा, दोरी शोधा, ओढा, तोपर्यंत खुनी तुमची वाट बघत थांबेल अशी कंपनीची अपेक्षा असावी.

पण या सगळ्यापेक्षा मला अंगावर काटा येतो तो दुसऱ्या एका नियमाने. गाडी मधेच कुठे बंद पडली तर गार्डने लाल बावटा, रात्री असेल तर लाल कंदील, आणि डिटोनेटर घेऊन उतरायचं आणि रुळावरून मागे चालत जायचं. डिटोनेटर म्हणजे रुळावर बांधायचे फटाके, चाकाखाली आले की धडाम, १८४१ पासूनची युक्ती. शेकडो यार्ड मागे चालायचं, ठरल्या अंतरावर फटाके लावायचे, आणि तिथे उभं राहायचं. म्हणजे आपली गाडी, आपला डबा, माणसं, उजेड सगळं सोडून अंधारात जायचं, ते पण नेमकं ज्या दिशेने दुसरी गाडी येऊ शकते त्याच दिशेने. धुकं असेल तर आणखीच छान. आणि परत बोलावायची शिट्टी झाली की पळत पळत परत.

कंपन्यांनी खरी चूक कुठे केली असेल तर इथे, की प्रवाशांचा यजमान पण तोच आणि गाडीचा लगाम पण त्याच्याच हातात. आज आपण धरून चालतो की ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि आख्खी गाडी थांबते. तेव्हा तसं नव्हतं. ब्रेक होता इंजिनाच्या टेंडरला आणि गार्डच्या डब्याला, मधले डबे नुसते घरंगळणारे. ड्रायव्हरने शिट्टी द्यायची, गार्डने ती ऐकून हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. आणि हाच गार्ड त्याच वेळी पार्सलं लावतोय, वही लिहितोय, कुणा बाईसाहेबांच्या कुत्र्याला पाणी पाजतोय.

२३ ऑगस्ट १८५८ ला इंग्लंडमध्ये राउंड ओक जवळ नेमकं हेच झालं. सहलीची स्पेशल गाडी, डब्यांच्या साखळ्या त्या दिवशी आधीच तुटून दुरुस्त केलेल्या, परतीच्या वाटेवर चढावर पुन्हा तुटली आणि मागचा मोठा तुकडा उताराने उलटा सुटला, मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळला, १४ माणसं गेली. चौकशीत निघालं की गार्डने दिवसभर प्रवाशांना आपल्या डब्यात बसू दिलं होतं, गप्पा, धूम्रपान, आणि हौसेने कुणी कुणी ब्रेकचं चाक पण फिरवून बघत होतं. वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. चांगलं वागला हो तो, लोकांना हवं तसं वागला, सहलीला आलेली माणसं खूष! फक्त त्याच्या नोकरीत चांगलं वागणं आणि ब्रेक सांभाळणं ही दोन कामं एकत्र होती आणि त्यातलं एक जास्त गोड होतं.

जवळपास एकतीस वर्षांनी, १२ जून १८८९ ला, आयर्लंडमध्ये आर्माहजवळ जवळपास तोच प्रकार. पुन्हा सहलीची गाडी, रविवारच्या शाळेची, मुलंच मुलं. चढावर इंजिनाचा दम सुटला, म्हणून गाडीचे दोन तुकडे करायचे ठरलं, पुढचा आधी नेऊन ठेवू मग मागचा नेऊ. मागचे डबे कशाच्या भरवशावर उभे ठेवले? गार्डच्या डब्यातला हाताचा ब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा तुकडा निघताना जरासा मागे सरकला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि डबे निघाले उताराला. गार्डचा ब्रेक पुरा आवळलेला होता, एका माणसाच्या हाताने जेवढा आवळता येतो तेवढा. मागून येणाऱ्या गाडीवर आदळून सुमारे ८० जीव गेले, त्यात लहान मुलं कितीतरी. सगळ्या डब्यांना एकाच वेळी लागणारा, गाडी तुटली की आपोआप आवळला जाणारा ब्रेक तोपर्यंत कधीच निघालेला होता, वेस्टिंगहाउस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १८७२ लाच केला होता. कंपन्यांना खर्च नको होता एवढंच. आर्माह झालं आणि त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना तो सक्तीचा केला. इतकी वर्षं जे काम एका माणसाच्या मनगटावर ढकललं होतं ते कायदा होताच गाडीभर जाणाऱ्या ब्रेकच्या नळीकडे द्यावं लागलं, म्हणजे करता येत होतंच की!

आपल्या भोर घाटात मात्र कंपनी पहिल्यापासून घाबरलेली होती आणि ते बरंच झालं. १८६३ ला घाट सुरू झाला, सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, काही ठिकाणी ३७ फुटाला एक फूट, २५ बोगदे. मधेच रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी एका टोकाला जाऊन थांबणार, इंजिन दुसऱ्या बाजूला येणार आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे. गार्डच्या दृष्टीने बघा, आत्तापर्यंत जे शेपूट होतं ते एका क्षणात तोंड झालं. आणि उतारावर कॅच सायडिंग, सांधा मुळातच चढावर जाणाऱ्या फाट्याकडे लावलेला, गाडी थांबून दाखवेल तरच मेन लाइन मिळेल, नाही थांबली तर जा चढावर आणि बसा तिथे. ड्रायव्हर चांगला, गार्ड चांगला, ब्रेक चांगला, सगळं मान्य, पण आधी थांबून दाखवा!

ते थांबणं अजून चालू आहे. पुण्याहून मुंबईला येताना लोणावळा गेलं की मंकी हिलला, ठाकूरवाडीला गाडी थांबते, खाली कोणी उतरत नाही, वर कोणी चढत नाही, माकडं तेवढी खिडकीशी येतात. आणि डब्यात कोणीतरी काका असतातच, ते खिडकीतून वाकून पुढे बघतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, "काही नाही, क्रॉसिंग आहे." आता त्या घाटात तीन रूळ आहेत, क्रॉसिंग कसलं, पण काकांना कोण सांगणार, आणि तोवर कर्जतच्या वड्याचा विषय निघालेला असतो.