काळ्या त्रिकोणातली मीठदाणी

न्यूयॉर्क शहरात साखळी हॉटेलांच्या मेनूवर काही पदार्थांपुढे काळा त्रिकोण छापलेला असतो आणि त्यात मीठदाणीचं चित्र. देशभरात 15 किंवा जास्त शाखा असतील त्यांना डिसेंबर 2015 पासून हा नियम लागू आहे. एका पदार्थात 2300 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम असेल, तर ते चित्र टाकायचं. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ. मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात याहून जास्त खाऊ नये असं इथलं सरकार सांगतं. हॉटेलवाल्यांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, तिथे हा त्रिकोण नाही. सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. शहरात फिरायला गेलो तेव्हा पिझ्झा-बर्गर मुद्दाम टाळून 'हेल्दी'वाल्या एका हॉटेलात शिरलो. चिकन, पालेभाज्या, ब्राऊन राइस असा छान बाऊल निवडला, आणि त्याच्यापुढे त्रिकोण! बर्गरपुढे नव्हता. आई म्हणाल्या, "अगं, मग बर्गरच घे की."

तेव्हापासून मी डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले आहे आणि माझं डोकं फिरलंय. सूपच्या डब्यावर पुढच्या बाजूला हिरव्या अक्षरांत '25 टक्के कमी सोडियम'. कशापेक्षा कमी? त्याच कंपनीच्या नेहमीच्या सूपपेक्षा! त्यात कपाला 890 मिलिग्रॅम असेल तर यात 660. एवढ्यावर हिरवं पान छापून मोकळे. 'रिड्यूस्ड' लिहायला एवढंच पुरतं. 'लो सोडियम' हे वेगळं प्रकरण आहे, ते लिहायचं तर एका सर्व्हिंगमध्ये 140 किंवा त्याहून कमी लागतं. कायद्यात दोन्हींची व्याख्या अगदी चोख आहे, पण दुकानात घाईने उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कळावा अशी अपेक्षा कोण करतं? शिवाय सगळे आकडे 'एका सर्व्हिंग'चे, आणि ते सर्व्हिंग एवढंसं की आमच्या घरात ते चव बघण्यातच संपेल. मी तर आता पुढची बाजू बघतच नाही. डबा उलटायचा आणि सोडियमच्या ओळीतली टक्केवारी, म्हणजे दिवसाच्या कोट्यातले किती टक्के एका सर्व्हिंगमध्ये संपतात, ती बघायची: 5 किंवा कमी म्हणजे ठीक, 20 किंवा जास्त म्हणजे परत फळीवर.

खरी गंमत म्हणजे हे जिभेला कळतच नाही. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दीडशेच्या आसपास, आणि आई म्हणतात ब्रेड अळणी लागतो. सध्या इथे प्रोटीनसाठी जो तो कॉटेज चीज खातोय. त्याच्या अर्ध्या कपात साडेतीनशे-चारशे सहज.

आणि इंटरनेटवरच्या त्या पौष्टिक रेसिपी! चौघांसाठी किन्वा. पाण्याऐवजी दोन कप तयार व्हेजिटेबल ब्रॉथ, म्हणजे भाज्या उकळलेलं पाणी: 1200 धरा. छोल्यांचा एक कॅन: हजार. शंभर ग्रॅम फेटा चीज: आणखी हजार. दोन मोठे चमचे सोया सॉस: 1800. झाले पाच हजार, म्हणजे माणशी साडेबाराशे, दिवसाच्या कोट्याच्या निम्म्याहून जास्त. आणि शेवटची ओळ काय, तर 'चवीनुसार मीठ घाला'. अजून?

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मागे माझा डबा बघून ऐकवलं होतं की तुमच्या जेवणात मीठ फार. तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. आपल्या ताटात मीठ डावीकडे वाढलेलं असतं, डोळ्यांना दिसतं. भाजीत किती घातलं ते घालणाऱ्या हाताला ठाऊक असतं, आणि जास्त झालं की पहिल्या घासाला सासरे बोलतात. या देशात लोकांच्या पोटात जाणाऱ्या सोडियमपैकी 70 टक्क्यांहून जास्त कारखान्यातून आणि हॉटेलातून येतं. घरी मीठदाणी लपवून ठेवली तरी काय फरक पडणार?

आता कोणी पापड-लोणच्याचं नाव काढेल. काढा. पापडात मीठ असतं, वर पापडखार, तोही सोडियमचाच. ढोकळ्यातला सोडा म्हणाल तर लहान चमच्यात बाराशेच्या वर. सगळं मान्य. पण लोणचं कोणी 'हार्ट हेल्दी' म्हणून विकत नाही, आणि ताटात त्याची एक फोड असते, वाटी नसते. माझ्या घरी ते बंद होणार नाही.

बाकी बदल केलेत. छोले रात्री भिजत घालून कुकरला लावते. घाईच्या दिवशी कॅनच उघडला तर पाणी ओतून दाणे नळाखाली खळखळून धुते, त्याने साधारण 40 टक्के सोडियम जातं. ब्रॉथऐवजी डाळीचं वरचं पाणी, जे आपल्याकडे कटाच्या आमटीला वापरतात तसंच. आईंना कमी सोडियमचं मीठ आणावं असं नवऱ्याच्या मनात होतं, पण त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं लागतं, म्हणून तूर्त नाही.

पुण्यात नणंद मुलांना डब्यात मसाला ओट्स आणि मिलेट नूडल्स देते, 'मॅगीपेक्षा बरं' म्हणून. तिला परवा पाकिटाच्या मागचा फोटो पाठवायला सांगितला. तिकडेही सोडियम छापतात, पण दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या हिशेबाने. फोटो आला, पण अक्षरं इतकी बारीक की मोठा करूनही वाचता येईना. आता नंबर वाचून दाखव म्हटलंय, तर ती चष्मा शोधतेय.