मिसिसिपी डेल्टात ब्लूज ऐकायला: शुक्रवार ते रविवारचा मार्ग

डेल्टा म्हटलं की नदीचं मुख डोळ्यांसमोर येतं, पण मिसिसिपी राज्यातला हा डेल्टा समुद्रापासून बराच आत आहे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधली ही सुमारे ३०० किलोमीटर लांबीची सपाट, गाळाची जमीन. इथलं बरंचसं जंगल तुटलं आणि कापूस आला तो गुलामगिरी संपल्यानंतर. तो पिकवला कृष्णवर्णीय कुटुंबांनी, अर्धेलीने. किराणा, कपडे, बियाणं सगळं मालकाच्या दुकानातून उचल म्हणून घ्यायचं. हंगामाअखेरचा हिशेबही मालकाच्याच वहीत. मालक, रेल्वे, तुरुंग, पूर, घर सोडून गेलेलं माणूस हे ब्लूजचे, म्हणजे या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचे, विषय इथे चक्क नकाशावर सापडतात. मार्ग लावताना संग्रहालयांपेक्षा हा नकाशा धरावा.

गाडी हवीच; सार्वजनिक वाहनाने ही गावं होत नाहीत. गाडी टेनेसीतल्या मेम्फिस शहरात भाड्याने घ्यावी, मुक्काम मात्र डेल्टातल्या क्लार्क्सडेल गावी ठेवावा. रात्रीचं गाणं संपल्यावर १२० किलोमीटर अंधारात मेम्फिसला परतण्यात काही अर्थ नाही. मे ते सप्टेंबर उकाडा आणि डास. एप्रिलमधल्या ज्यूक जॉइंट (गाणं, नाच आणि दारूचा साधा अड्डा) फेस्टिव्हलला यायचं तर खोली कित्येक महिने आधी घ्यावी लागते.

शुक्रवारी सकाळी मेम्फिसहून थेट क्लार्क्सडेल न गाठता आधी आर्कान्सामधल्या हेलेनाला जावं. तिथल्या केएफएफए रेडिओवर 'किंग बिस्किट टाइम' हा कार्यक्रम १९४१ पासून चालू आहे, सोमवार ते शुक्रवार, दुपारी सव्वाबाराला. पिठाच्या जाहिरातीसाठी सनी बॉय विल्यमसन आणि रॉबर्ट लॉकवुड हे ब्लूजवादक तिथे थेट वाजवत. शनिवारी गेलात तर हे हुकलं. नंतर पूल ओलांडून तासाभरात क्लार्क्सडेल.

डेल्टा ब्लूज म्युझियम जुन्या मालगाडी स्थानकाच्या इमारतीत आहे. ब्लूजगायक मडी वॉटर्स ज्या लाकडी घरात राहत होता त्याचे अवशेष इथे आहेत. स्टोव्हॉलच्या मळ्यावरच्या त्या घरी १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे लोकगीतांचे संग्राहक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन पोचले. दोन वर्षांनी मडी शिकागोला निघून गेला. संग्रहालयांच्या सुट्ट्या आणि वेळा बदलतात, आदल्या दिवशी फोन करावा. रात्री कुठे कोण वाजवणार हे 'कॅट हेड' या दुकानात विचारावं. तिथे आठवड्याचं वेळापत्रक मिळतं.

६१ आणि ४९ या महामार्गांच्या चौकातल्या गिटारींच्या खांबाला पाच मिनिटं पुरेत. चौकात सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या घेतल्याची गोष्ट आधी टॉमी जॉन्सन या ब्लूजवादकाबद्दल सांगितली जात होती, त्याच्याहून प्रसिद्ध रॉबर्ट जॉन्सनला ती नंतर चिकटली. रॉबर्टने हेझलहर्स्टच्या बाजूला आइक झिमरमन या गिटारवादकाकडे बसून हात तयार केला होता. मेहनतीने मिळवलेली विद्या सैतानाच्या नावावर मांडली की कलावंताचं श्रेय आपोआप पुसलं जातं.

ज्यूक जॉइंटमध्ये रोख पैसे लागतात: दाराशी साधारण दहा डॉलर, आणि वाजवणाऱ्यांच्या बक्षिसीच्या बादलीसाठी एक-एक, पाच-पाचच्या नोटा. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरीत उत्तर, अशी बारा मात्रागटांची बांधणी पुस्तकात असते. डेल्टातला जुन्या वळणाचा वादक गाण्याच्या सोयीने अकरा किंवा साडेतेराही करतो. मोजत बसलात तर चुकाल. त्यापेक्षा गंधाराकडे कान द्या. कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी तो घासत राहतो, आणि बोटात घातलेली काचेची नळी तारेवर जी मींड काढते ती आपल्या कानाला परकी वाटत नाही. फोनवर चित्रीकरण करण्याआधी विचारावं.

शनिवारी ४९ ने दक्षिणेला. टटवायलरला १९०३ च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी रेल्वेगाडीची वाट पाहताना एका माणसाला तारांवर सुरी सरकवत गाताना ऐकलं. स्थानक आता नाही, भिंतीवर चित्रं आहेत. पुढे '४९ पश्चिम' या फाट्याने पार्चमन तुरुंग. इथल्या कैद्यांची कुदळ-कुऱ्हाडीच्या ठोक्यावरची गाणी लोमॅक्सने टिपली. बुका व्हाइट आणि सन हाउस हे ब्लूजगायक इथले कैदी. तुरुंग आजही चालू आहे: दाराशी थांबू नये, फोटो काढू नयेत. रूलव्हिलला नागरी हक्कांसाठी लढलेल्या फॅनी लू हेमर यांची समाधी लागते, तिथून ८ क्रमांकाच्या रस्त्याने डॉकरी फार्म्स. १८९५ मध्ये सुरू झालेला हा मळा, ब्लूजगायक चार्ली पॅटनचं घर. जिनिंगची इमारत शाबूत आहे.

दुपारी इंडियनोला. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या म्युझियमला निदान अडीच तास द्या. ते तरुणपणी ज्या जिनमध्ये राबले ती विटांची इमारत संग्रहालयाचाच भाग आहे, आणि त्यांची समाधीही आवारात.

ब्लूजच्या जागा दाखवणाऱ्या, वाटेतल्या मिसिसिपी ब्लूज ट्रेलच्या निळ्या पाट्या मागून वाचाव्यात. पुढे थोडक्यात मजकूर असतो. छायाचित्रं आणि तपशील मागच्या बाजूला.

खाण्याचं: हॉट टमाले म्हणजे मक्याच्या पिठात मांस भरून, मक्याच्या सालीत बांधून, तिखट पाण्यात शिजवलेले. शाकाहारी माणसाची इथे पंचाईत होते, कारण पालेभाजी आणि घेवड्यातही बहुधा डुकराचं मांस असतं. मेम्फिसहून सामान भरून घ्यावं आणि खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते पाहावं.

रविवारी ग्रीनवूड. वाटेत मूरहेडला दोन रेल्वेमार्ग काटकोनात छेदतात. हँडींनी टटवायलरला ऐकलेल्या गाण्यात जिथे जायचं म्हटलं होतं ती जागा हीच. रॉबर्ट जॉन्सनच्या नावाचे दगड तीन ठिकाणी आहेत. त्यांतला मनी रोडवरच्या लिटल झायन चर्चचा सर्वाधिक ग्राह्य मानला जातो. चर्च नांदतं आहे, म्हणून प्रार्थनेची वेळ टाळून दुपारी जावं. पाऊस झाला असेल तर गाडी डांबरावरच ठेवा. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीसारखीच ही माती चाकाला धरते, आणि शेतातल्या कच्च्या वाटेवर मदत लवकर येत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

त्याच रस्त्याने पुढे मनी गाव. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा खून ज्या दुकानातल्या प्रसंगावरून झाला, त्याच्या पडक्या भिंती रस्त्यालगत आहेत. आत शिरू नये, जागा खासगी आहे. मारेकऱ्यांना निर्दोष सोडणारं न्यायालय समनरला, क्लार्क्सडेलच्या परतीच्या वाटेवर. समोरच्या एमेट टिल केंद्रात माहिती मिळते, पण रविवारी ते उघडं असेलच असं धरू नका. ते आतून पाहायचं असेल तर समनर शनिवारी सकाळी, टटवायलरच्या आधी घ्यावं. अंतर जेमतेम दहा किलोमीटर आहे.