‘कुइदादोरा? नाही हो, मी मुलगी आहे’

पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी आमचा गट भरतो. घरातलं म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या बायका येतात, हल्ली दोन पुरुषही यायला लागलेत. बहुतेकांचं मूळ मेक्सिकोतलं, हालिस्को नाहीतर साकातेकासचं. दोघी एल साल्वादोरच्या. मी समाजकार्यकर्ती म्हणून तिथे असते. हे माझं चौथं वर्ष.

सुरुवातीला आम्ही पत्रकं वाटली होती: ‘तुम्ही कुइदादोरा आहात का?’ कुइदादोरा म्हणजे स्पॅनिशमध्ये सांभाळ करणारी. तिघीच आल्या. जिच्या घरी आई अंथरुणाला खिळली आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तिला विचारलं तर म्हणाली, "कुइदादोरा? नाही हो, मी मुलगी आहे." त्या शब्दाला पगाराचा वास येतो. आईचं करणं हे काय काम झालं? मग पत्रक बदललं. आईच्या गोळ्या कोण देतं? रात्री कोण उठतं? पुढच्या मंगळवारी अकराजणी.

पण येणं वेगळं आणि बोलणं वेगळं. खुर्च्या गोल मांडून मी विचारायचे, कसं चाललंय? प्रत्येकीचं एकच उत्तर, "बिएन, ग्रासियास आ दिओस." बरं आहे, देवाची कृपा. आईबद्दल चारचौघांत तक्रार करायची म्हणजे ‘रेस्पेतो’ला, वडीलधाऱ्यांच्या मानाला, धक्का. आणि ‘आय के आग्वांतार’, सोसायला हवं, हे तर लहानपणापासून कानावर पडलेलं.

डिसेंबरात कुणीतरी म्हणालं, चर्चसाठी तामालेस करायचेत, गटातच करूया का? तामालेस म्हणजे मक्याच्या कणसाच्या सालात सारण भरून वाफवायचे. रात्रभर भिजवलेलं साल तळहातावर घ्यायचं, चमच्याच्या पाठीने मक्याचं पीठ कडेपर्यंत पसरायचं, मधे सारण, घडी. नजर हातावर. वर्षभर अवाक्षर न काढलेली एकजण पीठ पसरता पसरता म्हणाली, "काल रात्री मी देवाला म्हटलं, आता तिला ने." चमचा थांबला नाही. कुणाचाच थांबला नाही. शेजारची म्हणाली, "मीही म्हटलंय. दोनदा." त्या संध्याकाळी घरी निघायला सगळ्यांना उशीर झाला.

तेव्हापासून हाताला काम असतंच. डाळी निवडतो, विणतो, काहीही. माझं स्पष्ट मत आहे, इंग्रजी कार्यक्रम नुसता स्पॅनिशमध्ये उतरवला की तो या लोकांचा होत नाही.

गटात एक शेजारीणही आहे. पलीकडच्या घरातल्या एकट्या म्हाताऱ्याला ती सहा वर्षं जेवू घालते, डॉक्टरकडे नेते. हजेरीच्या कागदावर ‘नातं’ या रकान्यात ती ‘बेसिना’, शेजारीण, एवढंच लिहिते. योजना आखणाऱ्यांनी तिचा विचार आधी करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

योजना आहेत. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, असलेल्या आणि मदतीवाचून घरी राहू न शकणाऱ्या वृद्धासाठी आयएचएसएस ही घरच्या घरी मदतीची सरकारी योजना आहे. ठरवून दिलेल्या तासांचे पैसे मिळतात आणि ते काम पोटची मुलगीही करू शकते. आमच्यातल्या निम्म्याजणींना हे गटातच कळलं. २००० साली आलेल्या अमेरिकी केंद्र सरकारच्या कुटुंब-मदत कार्यक्रमात समुपदेशन, आधारगट आणि थोड्या उसंतीचीही तरतूद आहे. उसंतीला त्या ‘रेस्पिरो’ म्हणतात, म्हणजे श्वास.

ज्यांना घर सोडताच येत नाही, त्यांना आम्ही फोनवर जोडून घेतो. त्याचं बळ मला रीच-दोन या अभ्यासाने दिलं. डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळणारे ६४२ जण, पाच शहरं, सहा महिने. घरभेटी आणि फोनवरची गटसत्रं. २००६ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा मदत मिळालेल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, कुटुंबीयांचं जगणं स्पष्टपणे सुधारलेलं दिसलं.

एकीची आई रोज दिवेलागणीला पिशवी भरते. हालिस्कोला घरी जायचंय म्हणते. आयुष्यभर कामापुरतं बोललेलं इंग्रजी पुसून गेलंय, गावच्या वाटा मात्र लख्ख. मुलगी समजावून मेटाकुटीला यायची: आई, हेच घर आहे. आई रडायची. फोनवरच्या एका बाईने, जिची आई गेल्या वर्षी गेली, सुचवलं, "अडवू नकोस, मिहा, पोरी. विचार, वाट कोण बघतंय?"

गेल्या मंगळवारी मुलीने सांगितलं, विचारलं मी. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि धाकट्या भावाबद्दल बोलायला लागली, त्याला बोरिको नावाचं गाढव होतं म्हणे. मुलीने हे आधी कधीच ऐकलं नव्हतं. बोलता बोलता आईने पिशवीतला स्वेटर काढला आणि अंगात घातला.