थिनरच्या ड्रमात आहे तरी काय?

भोसरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सेफ्टीचं काम माझ्याकडे आहे. पेंट शॉपमधल्या थिनरच्या वाफेचा बंदोबस्त करायचा ठरलं आणि एक्झॉस्टचे पैसे कुरकुर न होता मंजूर झाले. डक्टिंगवालाही वेळेवर आला, याचं मला अजून नवल वाटतं. घोडं अडलं एका कागदापाशी. थिनरची एमएसडीएस, म्हणजे मालात काय आहे, धोका काय आणि काळजी काय घ्यायची हे सांगणारी शीट.

ड्रमवर नुसतं 'थिनर' आणि बॅच नंबर. सप्लायरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, सगळ्यांचं सारखंच असतं, इतकी वर्षं देतोय की." मग व्हॉट्सॲपवर तिरकं स्कॅन केलेलं एक पान आलं. शीटमध्ये १६ भाग असायला हवेत. इथे लोगो, 'ज्वलनशील' आणि 'हातमोजे वापरा' एवढंच. कसले हातमोजे? पुन्हा मागितल्यावर जाडजूड शीट आली. तिसऱ्या भागात, जिथे घटक लिहायचे, तिथे 'मिश्र सॉल्व्हंट, फॉर्म्युला गोपनीय'. आणि वर नाव कुठल्या तरी प्रायमरचं! दुसऱ्या मालाची शीट उचलली होती, नाव बदलायचे कष्टही घेतले नव्हते. पुढे मग सप्लायरचा लॅबवाला सुट्टीवर, साहेब गावाला, 'हेड ऑफिसला विचारून सांगतो'. ताकास तूर लागू देईनात. इकडे आमचे परचेसवाले मलाच समजावतात, "मास्क देऊन टाका ना मॅडम, कशाला ताणताय?"

अहो, पण कसला मास्क? एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी मास्कला लावायचं नेहमीचं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) थिनरमधल्या टोल्युइनला चालतं, पण थिनरमध्ये मेथॅनॉल असलं तर त्याच्यापुढे ते फार टिकत नाही. नायट्राइलच्या पातळ हातमोज्यातून ॲसिटोन काही मिनिटांत आरपार जातं. हवा तपासणारी लॅबसुद्धा आधी हेच विचारते, मोजायचं काय?

धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतला या शीटबद्दलचा नियम १७ मेलमध्ये लिहून पाठवला. ढिम्म. शेवटी अकाउंट्समधल्या ताईंना सांगितलं, शीट येईपर्यंत यांचं बिल सोडू नका. संध्याकाळच्या आत खरी शीट हजर! टोल्युइन, ॲसिटोन आणि व्हायचं तेच, मेथॅनॉल. हेड ऑफिस, लॅबवाला, सगळे एका दुपारीत भेटले म्हणायचे. आता पीओमध्येच, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, अट टाकली आहे: शीट नाही तर माल गेटवरून परत. तुम्हीही तेवढं आधी करा. आम्ही थिनरही मेथॅनॉल नसलेलं घेतलं, मास्कचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला.

हो, दाढीवाल्यांना कार्ट्रिज मास्क नीट बसत नाही, कडेने वाफ आत येते. आमच्याकडे यावरून बरंच रामायण झालं. आणि सुट्टीची घंटा झाली की कामावरची मुलं कॉटन वेस्ट (सुती धाग्यांचा बोळा) थिनरमध्ये बुडवून हात पुसायची, कोपरापर्यंत. ते कातडीतूनही आत जातं. बेसिनजवळ हात धुवायची पेस्ट ठेवली तेव्हा कुठे थांबलं. धोकादायक प्रक्रियेत मोडत असाल तर कारखाने कायद्याच्या कलम ४१-सी प्रमाणे (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) कामावर घेण्याआधी आणि नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा वैद्यकीय तपासणी लागायची, तीही विसरू नका.

हवा तपासणारे लॅबवाले कामगाराच्या कॉलरला सॅम्पलिंगची नळी आणि कमरेला छोटा पंप लावतात. तेव्हा एक आठवणीने सांगा: आठ तासांच्या सरासरीवर भागवू नका. कारखाने कायद्यात टोल्युइनच्या वाफेला त्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) होती, पण १५ मिनिटांसाठी १५० ची वेगळी होती. ड्रम उघडून रंग मिसळायची ती पंधरा मिनिटं वेगळी मोजून घ्या. सरासरीत ती दिसतच नाहीत.