लेह-नुब्रा-पँगाँग: घाट सोडा, मुक्कामाची उंची बघा

मुंबईहून सकाळच्या विमानात बसलात की दुपारच्या आत लेह, म्हणजे समुद्रसपाटीवरून थेट 3,500 मीटर. ऑक्सिजनचा दाब घरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. पहिले दोन दिवस हॉटेलातच लोळा. शांती स्तूप कुठे पळून जात नाही.

आमच्यातल्या काकूंचे डोळे दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेले आणि अंगठी बोटात अशी रुतलेली की साबण लावूनही निघेना. उंचीवर चेहरा, हात असे सुजतात. बहुतेकांची सूज खाली आल्यावर आपोआप उतरते. अंगठ्या घरीच ठेवून या, एवढंच.

भीती आहे ती फुप्फुसात पाणी होण्याची. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळ्या सारख्या नाही. ज्या मोकळ्या राहतात त्यांच्यावर रक्ताचा सगळा दाब येतो. चक्का फडक्यात टांगला तर नुसतं पाणी गळतं. जोरात पिळलात तर दहीही बाहेर येतं. इथेही तसंच होतं. पाण्यासोबत रक्तातली प्रथिनं, अगदी तांबड्या पेशीसुद्धा हवेच्या पिशव्यांत उतरतात. सुरुवातीला जंतूंचा काही संबंध नसतो, तरी पूर्वी याला सर्रास न्यूमोनिया समजत. 1960 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी आणि 1965 मध्ये हिमालयातल्या जवानांना तपासणाऱ्या आपल्या लष्करी डॉक्टरांनी यावर सविस्तर लिहिलं.

ही गळती अर्ध्या तासात होत नाही. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुधा रात्री जोर धरते. म्हणून नुब्राच्या वाटेवरचा खारदुंग ला हा घाट 5,359 मीटरवर असला तरी फोटो काढून उतरणाऱ्याला तो सहसा बाधत नाही. त्यापलीकडचं नुब्रा खोऱ्यातलं हुंदर गाव तर लेहपेक्षाही खाली आहे, झोप छान लागते. पँगाँग तलावाकाठी मात्र 4,200 मीटरच्या वर झोपायचं असतं. 3,000 मीटरनंतर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, म्हणून आम्ही मध्ये तांगत्से गावी राहिलो. टूरवाले हा मुक्काम सहसा देत नाहीत. हट्टाने मागून घ्या.

पँगाँगला शेजारच्या तंबूत एक तरुण होता, व्यायामाने कमावलेलं शरीर. रात्री त्याला कोरडा खोकला सुरू झाला, बसल्या जागी धाप लागू लागली. तब्येत दणकट म्हणून यातून सूट मिळत नाही. ड्रायव्हरने सकाळची वाट न बघता ऑक्सिजन लावून त्याला तांगत्सेच्या आरोग्य केंद्रात नेलं. नेमकं हेच करायचं असतं. गुलाबी फेसाळ थुंकी दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. ती डोकेदुखी-मळमळ टाळायला बरी, पण फुप्फुसात पाणी झालं तर ऑक्सिजन आणि खाली उतरणं हाच उपाय. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटं चोळून गरम करा, गार बोटांवर आकडा भलताच येतो.

आणखी एक. पँगाँगहून लेहला 'उतरायचं' तर आधी 5,300 मीटरच्या वरचा चांग ला हा घाट चढावा लागतो. श्योक नदीच्या खोऱ्यातून नुब्राकडे जाताना असा घाट लागत नाही, पण उन्हाळ्यात दुपारनंतर तिथल्या ओढ्यांना पाणी चढतं. निघण्याआधी रस्ता चालू आहे ना, ते ड्रायव्हरकडून विचारून घ्या.