त्यात आपलं कोण होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दरवर्षी मेच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मृतिदिनी, मेमोरिअल डेला, मी इथल्या न्यू जर्सीतल्या होल्मडेलला, व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाला जाते. हे कळलं की मंडळात कुणी ना कुणी विचारतंच, "कोरियात, व्हिएतनामात आपलं कोण गेलं होतं?"

कुणी नाही. मी साताऱ्याहून एडिसनला आले तोवर ती युद्धं कधीच संपली होती.

पहिल्यांदा गेले ती सहज. शेजारच्या खुल्या थिएटरात हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता, आम्ही तासभर आधी पोचलो, म्हणून पाय मोकळे करायला निघाले. समोर काळ्या ग्रॅनाइटच्या उंच शिळांचं मोठं गोल रिंगण. न्यू जर्सीतून व्हिएतनामला गेलेल्या आणि परत न आलेल्या दीड हजारांहून अधिक जणांचं हे स्मारक १९९५ साली उघडलं. व्हिएतनाममधूनच इकडे आलेल्या एका वास्तुविशारदानं, हिएन गुयेननं, ते रचलं. नावं हुद्द्याप्रमाणे नाहीत की बाराखडीप्रमाणे नाहीत. शिळा ३६६. वर्ष कुठलंही असो, जो ज्या तारखेला गेला त्याचं नाव त्या तारखेच्या शिळेवर. २९ फेब्रुवारीचीही शिळा आहे.

म्हणजे तिथीच की! मी तिथेच थबकले.

त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये बाबा गेले होते आणि मी वेळेत पोचू शकले नव्हते. वर्षश्राद्ध भावानं साताऱ्याला केलं. मी त्या दिवशी होल्मडेलला जाऊन त्या तारखेच्या शिळेपुढे उभी राहिले. बाबांसाठी आणलेली फुलं खाली ठेवली आणि वरची नावं मोठ्यानं वाचली. इटालियन, पोलिश, आयरिश आडनावं. काही नीट उच्चारता येईनात, तेव्हा पुन्हा वाचली. माझं नाव इथे कुणी धड घेत नाही, तेव्हा मला किती लागतं ते मला ठाऊक आहे.

हा ३६६ आकडा मला नंतर आणखी एकदा भेटला. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काचेच्या भांड्यात प्लास्टिकच्या ३६६ निळ्या डब्या होत्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० दरम्यान जन्मलेल्या मुलांना सैन्यात कुठल्या क्रमानं बोलवायचं, ते त्या डब्यांवरून ठरलं. घराघरांत टीव्हीसमोर आया बसल्या होत्या. वाढदिवसाच्या तारखेनं पोरगं न्यायचं! हे वाचलं त्या रात्री माझ्या मुलाचा वाढदिवस डोक्यातून जाईना.

एका वर्षी एक म्हाताऱ्या बाई शिळेवर कागद धरून उभ्या होत्या. वारा होता, कागद निसटत होता. "जरा धरता का?" म्हणाल्या. मी दोन्ही कोपरे दाबून धरले. त्या जाड पेन्सिल आडवी धरून घासू लागल्या. कागद करडा होत गेला आणि कोरलेली अक्षरं पांढरीच राहून वर आली. त्यांच्या भावाचं नाव. त्या निळ्या डब्यांच्या लॉटरीत त्याचा नंबर अगदी सुरुवातीचा होता. आडनावाचं पहिलं अक्षर उमटलं तशा त्या थांबल्या, पेन्सिल माझ्या हातात दिली. "उरलेलं तुम्ही करा." मी केलं.

कोरियाच्या युद्धात गेलेल्या इथल्या मुलांचं दुःख मला याहून अवघड वाटतं. १९५० ते ५३ मध्ये ३६ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक गेले, पण त्या युद्धाला इथे 'विसरलेलं युद्ध' म्हणतात. सात हजारांहून अधिक जण अजून बेपत्ता आहेत. त्यातल्या कित्येकांच्या कागदावर मृत्यूची तारीख ३१ डिसेंबर १९५३ आहे. त्या दिवशी ते गेले म्हणून नव्हे, सैन्यानं त्यांना मृत मानलं म्हणून. भावंडं, भाचे अजूनही डीएनएसाठी नमुने देतात आणि सत्तर वर्षांनी एखाद्याची हाडं गावी येतात. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे सर्वपित्री असते. मी त्या दिवशी पान वाढताना या पोरांचीही आठवण काढते. सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी न बोलता वाटीत आणखी खीर घातली.

आणि नातं अगदीच नाही असं तरी कसं म्हणू? लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, आपल्या भारतीय सैन्यातली वैद्यकीय तुकडी, तेव्हा कोरियात होती. २३ मार्च १९५१ ला तिच्यातली काही माणसं अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर कोरियातल्या मुनसानला विमानातून छत्रीनं उतरली आणि तिथेच जखमींवर उपचार करत राहिली. परत आलेल्यांत त्यांनी वाचवलेलेही होते.

होल्मडेलला जायला गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावर ११६ नंबरची एक्झिट. पुढच्या वेळी कार्यक्रमाला जाल तेव्हा थोडं आधी निघा, आपल्या घरातल्या कुणाची तरी तारीख शोधा. उच्चार चुकला तर परत वाचा.