वाकिझाशीवरचं नाव खरं ठरवताना

जपानमध्ये जुनी तलवार घेतली की सोबत नोंदणीचा कागद येतो. लांबी, बाक, मुठीच्या खिळ्याची भोकं आणि कोरलेलं नाव, एवढंच त्यात असतं. मालक बदलला की वीस दिवसांत प्रीफेक्चरच्या शिक्षण मंडळाला कळवायचं. हा कागद म्हणजेच अस्सलपणाचा दाखला, असा पुष्कळांचा समज असतो. मंडळ मात्र नाव आहे तसं उतरवून घेतं, खरं-खोटं ठरवत नाही.

माझ्या वाकिझाशीवर, म्हणजे आखूड तलवारीवर, ‘ओमि दाइजो तादाहिरो’ हे नाव. साग्याच्या नाबेशिमा सरदारांचा हा लोहार १६९३मध्ये वारला. काम अफाट केलं, त्यामुळे नकलाही कमी नाहीत.

तोक्योत ओळखीच्या एका जाणकारांकडे ती नेली. मुठीतली बांबूची खिळी काढून त्यांनी मूठ उतरवली, पण नाव असलेला भाग, नाकागो, लगेच फडक्यात गुंडाळला. म्हणाले, “नाव नंतर. आधी पातं काय म्हणतंय ते बघा.” दिव्याखाली पातं तिरपं धरलं तेव्हा तांदळाच्या कोंड्यासारखं बारीक पोत आणि धारेलगतची सरळ रेघ दिसली. दोन्ही हिझेनच्या, म्हणजे साग्याकडच्या, वळणाचं. मग फडकं सुटलं.

गंज आता नीट बघायचा होता. अक्षरांच्या खाचेतला गंज आणि बाहेरचा एकाच वयाचा हवा. नाव मागाहून कोरलेलं असेल तर तिथे तो वेगळा पडतो. म्हणूनच नाकागो कधी घासायचा नाही. चकचकीत करण्याच्या हौसेपायी लोक पुरावाच पुसून टाकतात. नाव कुठल्या बाजूला आहे हेही पाहिलं. हिझेनचे लोहार लांब तलवारीवर इतरांच्या उलट बाजूला नाव घालत, आखूडवर मात्र नेहमीच्याच. माझं बरोबर जागी होतं. नावातली ‘ओमि दाइजो’ ही पदवी १६४१ची, म्हणजे पातं त्यानंतरचंच. पुढे त्याच्या अस्सल पात्यांवरच्या नावांच्या जुन्या ठशांशी एकेक अक्षर ताडून पाहिलं. लोहाराचा हात वयाप्रमाणे बदलतो, त्यामुळे इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग र्‍योगोकूतल्या तलवार संग्रहालयाच्या संस्थेकडे अर्ज, फी, आणि काही महिने वाट पाहणं. ‘होझोन’, म्हणजे जतन करण्याजोगी, असा दर्जा मिळाला. प्रमाणपत्रावर नाकागोचा फोटो चिकटवून त्यावर शिक्का मारलेला आहे. वरच्या दर्जासाठी पातं आधी पॉलिश करून घ्या, असं जाणकार सांगतात. पण पॉलिशचा दर लांबीच्या हिशोबाने असतो आणि आकडा ऐकून मी तूर्त होझोनवरच थांबलोय.